चीज आणि त्याचे सोबती

गेल्या वैशाखातील गोष्ट आहे. पळस्पे येथील आमच्या घरी दुपारी पाहुणे यावयाचे होते आणि त्यांच्या चहासाठी आणलेले दोन लिटर दूध तापविताच नासले. घरातील वडीलधाऱ्या आत्याबाईंनी "अपशकुन झाला" असे म्हणून ते मोरीत ओतावयास सांगितले, व ते ओतले गेले. आमच्या शाळेतील एक विद्यार्थी त्या वेळी वही दाखविण्यास आला होता. त्याने विचारले, "सर, फाट्यावर सँडविचमध्ये जे चीज घालतात, तेही नासलेल्या दुधाचेच ना? मग ते अपशकुनी कसे नाही?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम दूध घट्ट कसे होते ते पाहू. गाईच्या दुधात शेकडा सुमारे ८७ भाग पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, साखर, क्षार व प्रथिने असतात. प्रथिनांपैकी मुख्य जे केसीन, त्याचे सूक्ष्म कण एकमेकांस दूर सारीत दुधात तरंगत असतात. आम्लता वाढली की हे दूर सारणे थांबते, कण एकत्र येतात व पाणी निराळे होते. उन्हाळ्यात जंतू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात, म्हणून असे दूध चुलीवर फाटते. तेच काम आपण विरजणाकडून करवून घेतले की दही लागते. तापलेल्या दुधात लिंबू पिळले की पनीर होते. दही फडक्यात टांगून ठेविले की चक्का, आणि चक्क्यात साखर व वेलदोडा पडला की श्रीखंड! अरब देशांत चक्क्यासारखाच लबने नावाचा पदार्थ करितात. तो मीठ व ऑलिव्हचे तेल घालून रोटीबरोबर खातात. खरवसाची जात मात्र निराळी. चिकात प्रथिने इतकी अधिक असतात की तो केवळ उष्णतेनेच थिजतो. त्यास आंबटाची गरज लागत नाही.

पाश्चात्त्य देशांतील बहुतेक चीज रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने करितात. दूध पिणाऱ्या वासराच्या जठरात ते असते. त्याने दूध फारसे आंबट न होता थिजते. मग त्या दह्याचे तुकडे करून पाणी काढून टाकावयाचे, मीठ लावावयाचे, दाबावयाचे व कित्येक महिने मुरत ठेवावयाचे. एक किलो कठीण चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते. महाग पडते खरे. परंतु जे दूध दुसऱ्या दिवशी वाया गेले असते, ते अशा रीतीने वर्षभर टिकते. हिवाळ्यात गुरांना चारा न मिळणाऱ्या डोंगराळ मुलुखांत ही पोटापाण्याची तजवीजच होती.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वासराच्या रेनेटचे चीज शाकाहारी मनुष्यास चालत नाही. हल्ली आपल्या देशातील कारखाने बहुधा सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले रेनेट वापरितात व वेष्टनावर हिरवे चिन्ह असते. शाळेत डबा वाटून खाताना ते चिन्ह पाहून मगच मित्रापुढे घास करावा. मित्राच्या नेमाचा मान राखणे हाही भोजनाचाच एक भाग आहे.

चीजचे प्रकार अगणित आहेत. त्यांचे ढोबळ वर्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला वर्ग ताज्या चीजचा. इटलीचे मोझरेला व आपले पनीर यांत येते. दुसरा मुरविलेल्या कठीण चीजचा. इंग्लंडातील चेडर गावाच्या नावाचे चेडर, इटलीचे किमान बारा महिने मुरविलेले पार्मेजान व स्वित्झर्लंडचे छिद्रांचे एमेंटाल ही त्याची उदाहरणे होत. ती छिद्रे जंतूंनी सोडलेल्या वायूची असतात. तिसरा वर्ग बुरशीने मुरणाऱ्या चीजचा. फ्रान्समधील गुहांत तयार होणारे रोकफोर्ट त्यांत प्रसिद्ध आहे. चौथा वर्ग वितळवून पुन्हा घट्ट केलेल्या चीजचा. ही युक्ती १९११ मध्ये स्वित्झर्लंडात निघाली. आपल्या दुकानांतील डब्यांतील चीज व चौकोनी वड्या बहुधा याच वर्गातील असतात.

आपल्या देशातही स्थानिक प्रकार आहेत. पारशी लोक लहान टोपल्यांत थिजविलेले मऊ, खारट 'टोपली पनीर' आवडीने खातात. बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेले बंडेल चीज साधे व धुरी दिलेले असे दोन तऱ्हांचे मिळते. कालिंपोंग येथील चीज स्विस मिशनऱ्यांच्या डेअरीमुळे नावारूपास आले. जम्मूकडील कलाडी तव्यावर स्वतःच्याच तुपात भाजून कुलच्याबरोबर खातात. सिक्कीम व नेपाळमधील छुर्पी इतकी टणक असते की ती तासन्‌तास चघळावी लागते.

आता सोबत्यांविषयी. चीज खारट व स्निग्ध असते. म्हणून त्यास आंबट, गोड वा झणझणीत सोबती मानवतो, व खाली आधाराला बेचव अन्न लागते. इंग्लंडातील शेतमजूर पाव, चीज व मुरविलेला कांदा खाई. आपला शेतकरी भाकरी, कांदा व ठेचा खातो. दोन्ही शिदोऱ्यांची बांधणी एकच! इटलीत पार्मेजानबरोबर नाशपाती खातात. ब्राझिलात चीजवर पेरूच्या घट्ट पाकाची वडी ठेवितात. आमच्या गोव्यातील 'पेराद' ही त्याच कुळातली वडी. इंग्रजीत तिला पेरूचे चीज म्हणतात, पण तिच्यात दुधाचा थेंबही नसतो. मुंबईच्या सँडविचमध्ये हिरव्या चटणीशेजारी चीज घालतात, त्यालाही कारण आहे: केसीन मिरचीच्या दाहक द्रव्यास धरून ठेविते, त्यामुळे जीभ भाजत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नासणे आपोआप घडते. विरजणे आपण घडवितो. आपोआप नासलेल्या दुधात कोणते जंतू वाढले हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून दुर्गंध वा कडवटपणा आलेले दूध टाकूनच द्यावे. आत्याबाईंची भीती त्या अर्थी निराधार नव्हती. चूक होती ती शकुनाशी जोडण्यात.

पुढील रविवारी त्या विद्यार्थ्यासह आम्ही एक लिटर ताज्या दुधात लिंबू पिळून पनीर केले व तांदळाची भाकरी आणि ठेच्याबरोबर खाल्ले. आत्याबाईंनी घास घेऊन "मीठ कमी आहे" एवढेच म्हटले. निराळे झालेले पाणी मात्र त्यांनी मोरीत ओतू दिले नाही. ते स्वतःच्या हाताने आमटीत घातले.