पुन्हा पुन्हा स्फोट होऊनही तारा शाबूत कसा?

प्रश्न : धनू राशीतल्या एका ताऱ्यावर दर काही तासांनी स्फोट होतो, असे वाचले. पहिल्याच स्फोटात तो संपला कसा नाही? आणि स्फोटाला वेळापत्रक कसे?

उत्तर : तुम्ही वाचलेला तारा बहुधा ‘जीएस १८२६-२४’ असावा. हा न्यूट्रॉन तारा आहे : सूर्याहून जास्त वस्तुमान, पण व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. स्फोट म्हटले की आपल्याला अतिनवतारा आठवतो, पण इथे अख्खा तारा फुटत नाही. शेजारच्या ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन-हेलियम वायू दुधावरच्या सायीसारखा त्याच्यावर साचतो. पेटते ती काही मीटर जाडीची ही साय.

साधारण ताऱ्याच्या गाभ्यात उष्णता वाढली की वायू फुगतो, निवतो आणि जळण आवरते. हा थर मात्र इतका पातळ असतो की तो फुगला तरी वरचे वजन कमी होत नाही, म्हणून दाबही उतरत नाही. हेलियमचे जळणे तर तापमानावर कमालीचे अवलंबून. थोडे तापले की जळण भडकते, भडकले की आणखी तापते. काही सेकंदांत सगळा थर पेटतो आणि क्ष-किरणांचा झोत निघतो. तो मंदावायला एक-दोन मिनिटे लागतात.

वेळापत्रकाचे कारण साधे आहे. वायू एकाच गतीने येत राहिला, तर पेटण्याइतका थर साचायला दर वेळी तेवढाच वेळ लागतो. १९९७-९८मध्ये हे अंतर सुमारे पावणेसहा तास होते. पुढे वायूचा ओघ वाढला आणि ते चार तासांच्या आसपास आले.

आता तारा वाचतो कसा? माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. या ताऱ्यावरून एखादा कण कायमचा बाहेर फेकायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दोन-तीन टक्केच ऊर्जा तो कण जळून मिळते. त्यामुळे राख जवळजवळ सगळी जागेवरच राहते आणि तिच्यावर नवा थर साचू लागतो. श्वेतबटूचे गुरुत्व यापेक्षा पुष्कळ कमी. तिथे असाच थर पेटला की तो अवकाशात उधळतो, आणि आपल्याला नवतारा दिसतो. स्फोट हाच ऊर्जेचा मुख्य झरा, ही समजूतही चुकीची आहे. दोन स्फोटांच्या मधल्या काळात नुसत्या पडणाऱ्या वायूतून स्फोटाच्या सुमारे चाळीसपट ऊर्जा बाहेर पडते!

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून हे स्फोट उपग्रहांवरूनच टिपावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या आणि २०१५मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरून गेलेल्या उपकरणाने ‘४यू १७२८-३४’ या दुसऱ्या ताऱ्याचा असाच एक स्फोट पकडला. पृष्ठभाग सगळीकडे सारखा तापत नाही. अधिक तापलेला भाग ताऱ्याबरोबर फिरतो, तशी चमक कमी-जास्त होते. त्या चढउतारांवरून ताऱ्याची गती कळते : सेकंदाला ३६३ फेऱ्या.