हायब्रिड मोटार : कंपनीचा आकडा आणि व्यापाऱ्याचा हिशेब

गेल्या रमजान ईदला आमचा भाचा घरी आला आणि शीरखुर्मा संपायच्या आत म्हणाला, "मामू, हायब्रिड घेतोय. लिटरला 28 किलोमीटर. आणि गावात तर पेट्रोलच लागत नाही, नुसत्या विजेवर चालते." भाचा भिवंडीहून कापड आणून रेडिमेड कपडे शिवून घेतो. चार शिलाई मशिने आहेत, धंदा लहान पण सरळ आहे. मोटार तो हप्त्याने घेणार होता. आम्ही त्याला तेव्हा हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आमच्या दाराशी दोन वर्षांपासून तीच गाडी उभी आहे, त्यामुळे आमच्या नकाराला वजन आले नसते. हिशेब मांडूनच उत्तर द्यायला हवे होते. तो हिशेब वाचक बंधूंच्याही उपयोगाचा आहे.

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवू. बाजारात 'हायब्रिड' या एकाच नावाने दोन वेगळे माल विकले जातात. मारुतीने 2015 साली सियाझ गाडीवर 'स्मार्ट हायब्रिड' ही पाटी लावली. अशा गाडीतली लहान मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते आणि सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. तिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाने 1997 साली जपानात प्रियस काढली, ती या जातीची. आपल्याकडे 2022 साली होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये आल्या. हिच्यातली विजेची मोटर इंजिन बंद ठेवून गाडी चालवू शकते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर दोन्ही प्रकारांत निघाल्या आहेत, म्हणजे बाहेरून एकच अंग आणि आत वेगळा जीव. जुन्या बाजारात मागची पाटी वाचून सौदा करणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. ताग्यावरचा शिक्का वाचून कापड घेणारा फसतो, तसेच हे आहे.

आता वीज. पुष्कळांचा समज असा की बॅटरीतली वीज फुकट. ही गाडी भिंतीच्या सॉकेटला लावता येत नाही. तिच्यात येणारी सगळी ताकद पेट्रोल पंपावरूनच येते. मग फायदा कुठला? साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन उडून जातो. आमच्या उर्दू शाळेतले मास्टर ज्याला 'हरकी तवानाई' म्हणत, ती हवेत जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक हलका दाबला की तीच मोटर उलट काम करून जनित्र बनते, वेग कमी करते आणि त्याची वीज बॅटरीत टाकते. बुडीत धरलेल्या उधारीतली काही वसुली व्हावी, असे हे आहे. सगळी वसूल होत नाही, पण जी येते ती नफाच. दुसरा फायदा असा की इंजिन अगदी हळू गतीला किंवा उभ्या गाडीत चालते तेव्हा पेट्रोल जास्त खाते आणि काम कमी देते. तेवढा वेळ त्याला बंद ठेवून मोटर काम करते.

ही बॅटरी किती मोठी? हायरायडर व ग्रँड व्हिटाराची बॅटरी सुमारे पाऊण युनिटाची आहे, म्हणजे घरच्या मीटरवरचे पाऊण युनिट. विजेच्या चेतक स्कूटरमध्ये तीन युनिटच्या आसपास साठा असतो. स्कूटरपेक्षा चौपट लहान बॅटरी आणि ओढायची बाराशे किलोंची मोटार! युनिटला दहा रुपये धरले तरी पूर्ण भरलेल्या बॅटरीत सात-आठ रुपयांचा माल आहे. हे कळले तेव्हा आम्हाला आमचेच हसू आले, कारण पहिले दोन महिने आम्ही त्या सात-आठ रुपयांसाठी जीव टाकत होतो.

झाले असे. गाडीत 'ईव्ही' असे बटण असते. दाबले की गाडी विजेवर चालते, अर्थात बॅटरी भरलेली असेल, इंजिन तापलेले असेल, वेग कमी असेल आणि पाय हलका असेल तर. नाहीतर गाडी नकार देते. वटारहून नालासोपारा स्टेशनकडे जाणारा रस्ता अरुंद, वळणांचा आणि गतिरोधकांचा. तो पाच-सहा किलोमीटरचा तुकडा विजेवर काढायचा, अशी आम्ही जिद्दच धरली. गोगलगायीच्या चालीने जायचो. मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचो. निम्म्या वाटेत बॅटरी खाली व्हायची, मग इंजिन सुरू होऊन गाडीही ओढायचे आणि बॅटरीही भरायचे. पेट्रोलची वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा चाकाला द्यायची. प्रत्येक हातबदलीत दलाली जाते. टाकी गळ्यापर्यंत भरून, किलोमीटर मांडून, पुन्हा गळ्यापर्यंत भरून आम्ही हिशेब काढला, तर लिटरला 17 किलोमीटर पडले. कंपनीचा आकडा 27.97 होता.

खरा मुद्दा आमच्यासारख्या व्यापाऱ्याला आधीच कळायला हवा होता. लहान गल्ला असलेला दुकानदार भांडवलावर कमावत नाही, फिरतीवर कमावतो. सात-आठ रुपयांचा हा गल्ला दिवसातून शंभर वेळा थोडा भरला आणि थोडा रिकामा झाला, तर महिन्याला काही लिटर वाचतात. तो एकदाच पूर्ण रिकामा करण्यात काही नाही. ही फिरत गाडीचा संगणक आपल्यापेक्षा चांगली सांभाळतो. आता आम्ही ते बटण गल्लीत रात्री उशिरा येताना शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून वापरतो, आणि फजरला निघताना गाडीने ऐकले तर. एरवी हात लावत नाही.

मग करायचे काय? उठताना संकोच करू नये. इंजिनाला नीट काम करू द्यावे, पाहिजे तो वेग घ्यावा आणि मग पाय सैल सोडावा. इंजिन आपोआप बंद होते आणि गाडी विजेवर तरंगत जाते. पुढचा गतिरोधक, पुढची गर्दी लांबून पाहावी आणि ब्रेक लवकर व हलका दाबावा. काट्याच्या तक्त्यावर 'चार्ज'चा भाग असतो, काटा त्याच्या आत राहिला पाहिजे. जोरात ब्रेक मारला की साधे ब्रेक कामाला लागतात आणि वसुली बुडते. खोळंब्यात गिअर न्यूट्रलला ठेवायची आपली जुनी सवय येथे नुकसानीची आहे, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. इतके सुधारल्यावर आमचा आकडा 21-22 वर आला आणि तेथेच टिकला.

28 का नाही, याचे उत्तर पुण्यात आहे. आपल्या देशातले अॅव्हरेजचे आकडे सांगितले जातात ते ए.आर.ए.आय. या संस्थेच्या प्रमाणपत्रावरून. ही संस्था पुण्यात 1966 साली स्थापन झाली. तेथे गाडी रुळांवर ठेवून ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. त्या प्रयोगशाळेत चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याचे खड्डे नसतात, मे महिन्यातला ए.सी. नसतो, डिकीत कापडाचे गठ्ठे नसतात. तो आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे, आपला खर्च काढायला नाही. शिवाय आता पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, तेवढी घट मायलेजमध्ये थोडी दिसतेच.

लांबच्या प्रवासाला या गाडीचा फायदा आटतो. आम्ही मालेगावला जातो तेव्हा 17-18 च्या वर पडत नाही. हमरस्त्यावर एकसारख्या वेगात ब्रेक नाही, म्हणून वसुली नाही. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत खुला झाला आहे. तेथे शंभराच्या वर काटा नेला की हवाच पेट्रोल पिते, हायब्रिड असो वा साधी. परतताना कसारा घाटात उतार लागला की बॅटरी पाहता पाहता भरते आणि मग तिला घ्यायला जागा उरत नाही. तेथे गिअर 'बी'वर टाकावा, म्हणजे इंजिनाचा अडसर मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. तेवढ्यापुरतेच ते 'बी' वापरावे.

कापडवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण शोरूमवाला त्या सांगत नाही. एक, या गाड्यांपैकी काहींची बॅटरी मागे डिकीखाली असते, म्हणून त्याच गाडीच्या साध्या प्रकारापेक्षा डिकी लहान होते. घेण्याआधी एक तागा बरोबर नेऊन आडवा ठेवून पाहावा, लाजू नये. दोन, बॅटरीला थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा शोषली जाते आणि पुष्कळ मॉडेलांत त्यासाठी मागच्या आसनापाशी एक जाळी असते. आपण मागे गठ्ठे टाकतो तेव्हा ती जाळी झाकली जाते. शिवाय यंत्रमागाच्या कारखान्यातून आलेल्या कापडाची रुई उडते, ती जाळीत बसते. बॅटरी तापली की पंखा ओरडू लागतो, विजेचा वाटा कमी होतो आणि आयुष्यही घटते. आमच्या गाडीची जाळी पहिल्यांदा उघडली तेव्हा उशी भरेल इतकी रुई निघाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण मूठभर नक्की निघाली. टोयोटा हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देते. तरी जाळी साफ ठेवणे आपले काम. आणि बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या तारा दिसतात, त्यांना गॅरेजवाल्या पोराचा हात लागू देऊ नये. त्यांत जीव घेणारा दाब असतो.

आता भाच्याचा हिशेब. पेट्रोल सोपे पडावे म्हणून शंभर रुपये लिटर धरतो. गावातल्या गर्दीत साधी गाडी 13 आणि हायब्रिड 21 किलोमीटर देते असे धरू. आमची फिरती भिवंडी, मंगळदास मार्केट, कधी मालेगाव मिळून महिन्याला 1,500 किलोमीटर. साध्या गाडीला 115 लिटर, हायब्रिडला 71. महिन्याला 4,400 रुपये वाचले, वर्षाला 52,800. दोन्ही गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरला तर पावणेसहा वर्षांनी तो भरून निघतो. आमची गाडी रोखीची, आणि दहा वर्षे वापरायची नियत आहे, म्हणून आम्हाला परवडले.

भाचा महिन्याला पाच वेळा भिवंडीला जातो, जाऊन-येऊन नव्वद-शंभर किलोमीटर, म्हणजे 500. त्याची बचत वर्षाला 17,600. तीन लाख फिटायला सतरा वर्षे! त्यात तो व्याजाने घेणार. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज धरले तर त्या जादा तीन लाखांचाच हप्ता महिन्याला 6,200 च्या वर जातो आणि 73 हजारांहून अधिक व्याज भरावे लागते. महिन्याला दीड हजारही न वाचवणाऱ्या गोष्टीसाठी सहा हजारांचा हप्ता. सूद हराम आहे हे त्याला आम्ही सांगायची गरज नव्हती, त्याला ते ठाऊक आहे. तो म्हणत होता की मजबुरी आहे, इंधनात पैसे जातात. कागदावर मांडल्यावर मजबुरीच उरली नाही. पेट्रोलमधला इस्राफ टाळायला निघालेला माणूस दुसऱ्या खिशातून त्याच्या चौपट देणार होता.

सी.एन.जी.चा आकडाही त्याच कागदावर मांडला. किलोला 80 रुपये आणि 24 किलोमीटर धरले तर किलोमीटरला सव्वातीन रुपये. हायब्रिडला पावणेपाच. आपल्या भागात पंपावर रांग लागते, टाकीने डिकी खाल्ली जाते, हे खरे. पण त्याचा माल तसाही टेम्पोने येतो. त्याने जुनी सी.एन.जी. गाडी रोखीने घेतली आणि उरलेल्या पैशांत पाचवे मशीन बसवले.

राहिली एक गोष्ट. आम्ही हजला गेलो तेव्हा गाडी चाळीस दिवस उभी होती. परत आलो तर दरवाजाही उघडेना. मोठी बॅटरी भरलेली होती, पण दिवे, कुलूप आणि संगणक चालवणारी साधी बारा व्होल्टची बॅटरी वेगळी असते, ती उतरली होती. तिच्याशिवाय मोठी बॅटरी जागीच होत नाही, आणि ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही. किल्लीच्या आत लपवलेल्या लहान चावीने दार उघडले. शेवटी शेजाऱ्याच्या साध्या मारुतीला तारा जोडून ती सुरू केली. हज, उमराह किंवा गावी लांब मुक्काम असेल तर घरच्या कोणाला तरी सांगून जावे, की आठवड्यातून एकदा गाडी 'रेडी' करून अर्धा तास ठेव. आणि दरवाजा बंद शेडमध्ये नको, कारण इंजिन मधूनच सुरू होते.