रक्ततपासणीचा कागद कसा वाचावा?
(थायरॉईड ग्रंथीविषयी एक पाठ)

वाचकहो, समजा की गिरड गावची एक बाई कित्येक महिने थकून गेली आहे. अंग जड वाटते, थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही, मासिक धर्म अनियमित झाला आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रक्त तपासून घेते, आणि दोन दिवसांनी तिच्या हाती आकड्यांनी भरलेला कागद येतो. त्यात एका ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' असा शब्द आहे. तो वाचून घरच्या मंडळींच्या काळजात धस्स होते, आणि कागद गावातील शिकलेल्या माणसाकडे, बहुधा उपदेशकाकडेच, येतो. अशा वेळी अज्ञानाने उच्चारलेला एक शब्द त्या बाईस विनाकारण भिववील, किंवा तिची गरजेची गोळी बंद करवील. म्हणून हा पाठ नीट ध्यानात घ्यावा.

१. ग्रंथी आणि तिचे काम

गळ्याच्या पुढील भागी, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तीस थायरॉईड म्हणतात. ती अन्नातील आयोडीन घेऊन टी-४ व टी-३ हे दोन रस तयार करते. शरीराची ऊब, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल व गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ ही या रसांवर अवलंबून असतात.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या एका ग्रंथीची देखरेख असते. ती जो संदेश रक्तातून पाठविते, त्यास टी.एस.एच. म्हणतात. शेताचा मालक आणि सालदार यांचे उदाहरण घ्या. सालदाराचे काम मंदावले की मालकाची हाक मोठी होते; सालदार गरजेपेक्षा अधिक राबू लागला की मालक गप्प बसतो. टी.एस.एच. ही मालकाची हाक होय. यास्तव ती वाढली म्हणजे थायरॉईड मंद झाली, आणि अगदी कमी झाली म्हणजे थायरॉईड बेसुमार काम करीत आहे, असे बहुधा समजावे. आकडा मोठा म्हणून ग्रंथी जोरात, असा उलटा अर्थ पुष्कळ लोक करतात. ती चूक आपण करू नये. क्वचित मालकच आजारी असतो. तेव्हा हाकेवरून निर्णय करता येत नाही. म्हणून डॉक्टर टी-४ ही पाहतात.

२. आकड्यांचा अर्थ

प्रौढ माणसाची टी.एस.एच. साधारणतः ०.४ ते ४ असते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा किंचित निराळी असल्यामुळे कागदावर शेजारी छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

टी.एस.एच. वाढलेली व टी-४ कमी, तर ग्रंथी मंद झाली आहे आणि औषध हवे. टी.एस.एच. थोडी वाढलेली पण टी-४ ठीक, तर ही मंदपणाची पायरी आहे. डॉक्टर बहुधा दोनतीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करवितात, कारण एखाद्या आजारानंतर वाढलेला आकडा आपोआप खाली येतो. वृद्धपणीही तो थोडा अधिक असू शकतो. तो १० च्या वर राहिल्यास बहुधा औषध सुरू होते. याउलट टी.एस.एच. फार कमी व टी-४ अधिक असून छाती धडधडणे, हात कापणे, वजन घटणे ही लक्षणे असतील, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

३. 'पॉझिटिव्ह' म्हणजे काय?

रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. ही जणू रात्रीचे राखणदार होत. परंतु कधी राखणदार घरच्याच माणसास चोर समजून बडवितो. तसेच शरीर आपल्याच थायरॉईडवर उठते. १९१२ साली जपानातील हाकारू हाशिमोटो या वैद्याने चार स्त्रियांच्या अशा ग्रंथींचे वर्णन केले. १९५६ साली लंडन येथे डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट व त्यांचे सहकारी यांनी अशा रोग्यांच्या रक्तात थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडे दाखविली. आजच्या कागदावर 'अँटी-टी.पी.ओ.' म्हणून लिहिलेले असते ते याच जातीचे. ग्रंथी बेसुमार चालत असेल, तर निराळी प्रतिपिंडे तपासतात.

ही प्रतिपिंडे पुष्कळांच्या रक्तात असतात. मुंबई व गोवा धरून भारतातील आठ शहरांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर प्रौढांपैकी सुमारे २२ जणांत ती आढळली; ग्रंथीचा मंदपणा मात्र सुमारे ११ जणांत होता. तेव्हा 'पॉझिटिव्ह' म्हणजे आजच रोगी, असे नव्हे. इंग्लंडातील व्हिकॅम येथे वीस वर्षे लोकांवर लक्ष ठेवण्यात आले. ज्या स्त्रियांत केवळ प्रतिपिंडे होती, त्यांपैकी दर वर्षी शंभरात सुमारे दोघींची ग्रंथी मंद झाली, ज्यांची टी.एस.एच.ही वाढलेली होती, त्यांपैकी सुमारे चौघींची.

यावरून कर्तव्य स्पष्ट होते. टी.एस.एच. ठीक असून प्रतिपिंडे असतील, तर बहुधा गोळी नको. वर्षातून एकदा टी.एस.एच. तपासावी. प्रतिपिंडांचा आकडा पुनःपुन्हा मोजून पैसा खर्चू नये; उपचार त्या आकड्यावर ठरत नाही.

४. ज्या चुका टाळाव्या

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी; चहा व न्याहारी निदान अर्ध्या तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी घ्याव्या. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. त्याआधी खरा आकडा कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे, कारण त्यांनी तपासणी खोटी ठरू शकते. आकडा ठीक आला म्हणून गोळी सोडू नये. तो गोळीमुळेच ठीक आला आहे.

गर्भवतीने विशेष जपावे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच रसावर वाढते. दिवस गेल्याचे कळताच गोळी घेणाऱ्या स्त्रीने परिचारिकेस किंवा डॉक्टरांस सांगावे. बहुधा मात्रा वाढवावी लागते. 'पोटात बाळ आहे, औषध नको,' हा सल्ला येथे घातक होय. नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताची तपासणी होत असेल तर ती अवश्य करवावी. दोष लवकर सापडून पहिल्या काही दिवसांतच औषध मिळाल्यास बुद्धी वाचते.

मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. गलगंड हटविण्याची राष्ट्रीय योजना १९६२ साली सुरू झाली, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. मिठाची बरणी झाकून चुलीपासून दूर ठेवावी. परंतु प्रतिपिंडांमुळे झालेला रोग अधिक मीठ खाऊन बरा होत नाही.

आकडे डॉक्टरांसच दाखवावे. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यांच्या सेवेसाठी वैद्यकीय महाविद्यालय स्थापिले; तेथील कस्तुरबा रुग्णालय गिरडकरांस परके नाही. ज्यास वाचता येते त्याने शेजारणीस धीर द्यावा, आणि तिला योग्य दारी पोहोचवावे; निदान मात्र स्वतः करू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. टी.एस.एच. वाढली असता थायरॉईड मंद आहे, असे का समजतात?
२. प्रतिपिंडे आहेत पण टी.एस.एच. ठीक आहे, अशा बहिणीस तुम्ही काय सांगाल?
३. गोळी व लोहाची गोळी एकत्र का घेऊ नये असे घरी कसे समजावाल?
४. तुमच्या वस्तीत गोळी घेणारी कोणी गर्भवती आहे काय? तिने डॉक्टरांस कळविले आहे काय?