बाळाच्या कानांची जनुक-तपासणी: खर्च किती आणि आधी काय

बाळाला ऐकू येत नाही असं कळलं की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. आता करायचं काय, आणि हे आलं कुठून? खिसा मात्र एकच असतो, म्हणून आधी पैसे पहिल्या प्रश्नाला द्यावेत. जनुक-तपासणीचा रिपोर्ट हाती यायला तीन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. त्याची वाट बघत श्रवणयंत्र लांबणीवर टाकणं सगळ्यात महागात पडतं. डॉक्टरमंडळी जगभर एकच वेळापत्रक मानतात: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र कानावर.

चाळणी म्हणजे ओएई. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी प्रोब घालून काही मिनिटांत होते. खासगीत ५०० ते १,५०० रुपये. निदान पक्कं करते ती बेरा, खासगीत साधारण १,५०० ते ३,५०० रुपये. बाळ एनआयसीयूत राहिलं असेल तर ओएई 'पास' आली म्हणून सोडून देऊ नका, बेरा करून घ्याच. कान ठीक पण कानाकडून मेंदूकडे संदेश नीट जात नाही, असा एक प्रकार ओएईत सुटतो. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं आणि इथे मुंबईच्या उपनगरांतल्या आयांची खरी कसरत असते. बोरिवलीहून निघालेलं बाळ लोकलच्या हेलकाव्यांत मस्त झोपतं आणि टेबलावर ठेवलं की टक्क जागं होतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, गाडीत झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावर पाजा. तारीख हुकली तर पुढची मिळेपर्यंतचे आठवडे फुकट जातात.

सरकारी दरात हे सगळं हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था गाठावी. १९८३ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था वाक् आणि श्रवणदोषाचंच काम करते. मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. घाटकोपरकरांना मेट्रोने अंधेरी आणि तिथून वांद्रे सोपं पडतं. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी, केंद्राच्या एडिप योजनेतून आर्थिक मदत मिळते, तिचाही कारभार हीच संस्था पाहते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वय साधारण १ ते ५ वर्षांचं लागतं आणि उत्पन्नाची अट आहे. म्हणून पहिल्याच फेरीत उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करा.

जनुकाकडे वळण्याआधी आणखी एक. गरोदरपणात आईला झालेला सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग हे बहिरेपणाचं मोठं कारण आहे आणि ते आनुवंशिक नाही. बाळाच्या लघवीची किंवा लाळेची सीएमव्हीसाठीची तपासणी जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत केली तरच छातीठोक उत्तर मिळतं. ओएई दोनदा 'रेफर' (म्हणजे 'पास' नाही) आली असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना याबद्दल विचारा.

आता 'आलं कुठून'. हजारात एक-दोन मुलं लक्षणीय श्रवणदोष घेऊन जन्मतात, आणि त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत कारण जनुकात असतं. "आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही," हे वाक्य प्रत्येक सल्लागाराला ऐकावं लागतं. ते खरंही असतं. आई आणि बाबा दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते, दोघांनाही छान ऐकू येतं आणि बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात. शक्यता चारात एक, आणि ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने. 'एक झालं, आता पुढची तिन्ही चांगली' असा हिशेब इथे चालत नाही.

सर्वांत जास्त वेळा सापडतं ते जीजेबी २ हे जनुक. त्यापासून कनेक्झिन २६ नावाचं २२६ दुव्यांचं प्रथिन बनतं आणि आतल्या कानात पोटॅशियमची ने-आण करायला ते लागतं. आपल्याकडे या जनुकात वारंवार दिसणारा बदल म्हणजे डब्ल्यू२४एक्स. चोविसाव्या दुव्यावरच 'थांबा'ची खूण येते आणि प्रथिन तयारच होत नाही. युरोपात याच जनुकातला वेगळा बदल जास्त आढळतो, चीन-जपानकडे तिसराच. स्लोव्हाकिया आणि स्पेनमधल्या रोमा लोकांत मात्र पुन्हा आपलाच डब्ल्यू२४एक्स निघाला. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, आणि ही खूण सोबत घेऊन गेले.

या इतिहासाचा थेट संबंध तुमच्या खर्चाशी आहे. अमेरिकेतला काका वंश शोधण्याचं किट पाठवतो, त्यात 'श्रवणदोष' असाही एक रिपोर्ट असतो आणि घरातले निर्धास्त होतात. असं किट विकणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीचा तो रिपोर्ट जीजेबी २ मधले दोनच बदल पाहतो, तेही युरोपीय आणि अश्केनाझी ज्यू वंशांत जास्त आढळणारे. आपल्याला जो पाहायचा तो त्यात नाही. ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचं काय होणार हा प्रश्न आलाच. बाळाच्या निदानासाठी अशा किटवर एक रुपयाही घालवू नका.

वंशाची खरी उपयोगी माहिती कागद-पेन्सिलीने मिळते. समुपदेशक तीन पिढ्यांचा तक्ता काढतात: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला ऐकू येत नाही त्याचा आकार काळा, आणि नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. ती लपवू नका, त्या दुहेरी रेघेवरून पुढची तपासणी ठरते. गावाकडे फोन करून विचारून घ्या: कुणाला लहानपणी ऐकू येत नव्हतं, कुणाच्या केसांत जन्मापासून पांढरी बट आहे, कुणाला रातांधळेपणा आहे, कोण लहान वयात चक्कर येऊन अचानक गेलं. आईकडच्या नातेवाइकांत इंजेक्शनांनंतर कुणाचं ऐकणं गेलं असेल तर ते आवर्जून सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या औषधांनी कान जाण्याचा एक दोष फक्त आईकडून येतो, आणि तो आधी कळला तर सगळ्या भावंडांचे कान वाचू शकतात.

समुपदेशनाच्या एका भेटीचे खासगीत १,००० ते ३,००० रुपये. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेत जनुकीय सल्ला मिळतो. कोणती तपासणी तिथे होते ते आधी विचारून जा.

तपासण्यांचे खासगी दर ढोबळमानाने असे: एकट्या जीजेबी २ चे ३ ते ७ हजार, अनेक जनुकं एकदम पाहणारा श्रवणदोषाचा पॅनेल किंवा क्लिनिकल एक्झोम १५ ते ३० हजार, जवळजवळ सगळी जनुकं पाहणारा होल एक्झोम २५ ते ४५ हजार. आई-बाबांची पडताळणी माणशी २ ते ४ हजार. बाळाला दुसरा काही त्रास नसेल आणि दोन्ही कानांनी जन्मापासून ऐकू येत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी जीजेबी २ करा. तिथे उत्तर मिळालं तर वीसेक हजार वाचतात. शिवाय दोष आतल्या कानात आहे, नस शाबूत आहे हे कळतं आणि अशा मुलांना इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो. डोळे, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा वाढीची तक्रार असेल तर मात्र थेट एक्झोम.

लागतं बाळाचं दोन-चार मिलिलिटर रक्त, जांभळ्या टोपणाच्या नळीत. नमुना बरेचदा मुंबईबाहेरच्या लॅबमध्ये जातो. मुलुंडच्या कलेक्शन सेंटरवर आणि अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात नळी तीच, लॅबही कित्येकदा तीच, बिल मात्र वेगळं. म्हणून लॅबचं नाव आणि दर लेखी मागा. एसटीआरसीसारख्या जनुकातला तुकडाच गायब असेल तर पकडता येईल का, हेही विचारा. साध्या एक्झोममध्ये ते बरेचदा निसटतं. तपासणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन दरात धरलंय का, याचंही उत्तर घ्या.

यांतली सगळ्यात स्वस्त तपासणी बरेच जण विसरतात, ती म्हणजे ईसीजी. काहीशे रुपयांत होते. अतितीव्र बहिरेपणासोबत क्वचित हृदयाच्या ठोक्यांचा जीवघेणा दोष असतो, आणि तो त्या पट्टीवर दिसू शकतो. इम्प्लांटची भूल देण्याआधी तर ईसीजी हवाच.

पुढच्या गरोदरपणात पोटातल्या बाळाची तपासणी, म्हणजे ११ ते १३ आठवड्यांना वारेचा नमुना किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल, पहिल्या मुलाचा नेमका बदल कळलेला असेल तरच करता येते. खर्च २० ते ४० हजार. केंद्र १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेलं असलं पाहिजे. बहिरेपणा जीवघेणा नाही. म्हणून पुष्कळ जोडपी ही तपासणी करत नाहीत, फक्त दुसऱ्या बाळाचे कान पहिल्या आठवड्यातच तपासून घेतात. हा निर्णय त्या दोघांचा आहे, सासू-सासऱ्यांचा नाही.

आणि रिपोर्ट आला की तो घरातल्या मोठ्यांसमोर मोठ्याने वाचा. ग्रहणात काहीतरी चिरलं असेल, गरोदरपणी अमुक खाल्लं असेल, असले आरोप आईवर वर्षानुवर्षं होत राहतात. जीजेबी २ च्या रिपोर्टात एक प्रत आईची आणि एक बाबांची असते, लॅबच्या शिक्क्यानिशी.

रिपोर्टात 'व्हीयूएस' असं आलं तर त्याचा अर्थ 'बदल दिसला, पण दोषी आहे की नाही ते ठरलेलं नाही' असा. त्यावर पुढच्या मुलाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका. अशा रिपोर्टाचं एक-दोन वर्षांनी पुनर्विश्लेषण करता येतं. काही लॅब ते फुकट करतात, पण मागितल्याशिवाय करत नाहीत. कच्च्या डेटाची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा.