परसातील कोंबड्यांचा श्वसनरोग

सुपा (ता. पारनेर) परिसरात अंडी विकून मीठमिरची भागविणाऱ्या गृहिणीच्या कोंबड्या घरघरू लागल्या, की माणसांची गोळी दाण्यात कालवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तोंड सुजून नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तो बहुधा कोरायझा हा जिवाणूजन्य रोग होय. पशुवैद्यकाने दिलेले प्रतिजैविक त्यावर लागू पडते. मानमोडी, अर्थात राणीखेत, मात्र विषाणूजन्य. तेथे प्रतिजैविक व्यर्थ, आधी टोचलेली लसच तारते. एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्यास त्यांना उघड्या हाताने न शिवता दवाखान्यास कळवावे. पशुवैद्यक नमुने पुण्यास औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे धाडू शकतात. कोरायझातून उठलेली कोंबडीही रोगवाहक राहते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. नवी पिले तिच्या खुराड्यात सोडू नयेत. औषध चालू असताना व नंतर पशुवैद्यक सांगतील त्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ वा विकू नयेत. कोलिस्टिन तर २०१९ पासून वर्ज्यच आहे.