चिखलणीपूर्वी ब्रीदर तपासावा : रायपूर परिसरातील डिझेल इंजिनांसाठी हंगामी सल्ला

रायपूर परिसरात पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यानंतर स्थिरावतो आणि धानाच्या रोवणीसाठी चिखलणी सुरू होताच ट्रॅक्टरच्या इंजिनावर रोटाव्हेटरचा भार दिवसदिवस राहतो. त्याआधी तेच इंजिन उन्हाळी धानाच्या मळणीतली धूळ आणि भुसा खात उभे असते. या दोन कामांच्या मधल्या सवडीत ज्या भागाकडे लक्ष द्यायला हवे आणि ज्याकडे बहुधा कोणी पाहत नाही, तो भाग म्हणजे ब्रीदर.

पिस्टनच्या खाली ज्या पेटीत क्रँकशाफ्ट फिरतो आणि जिच्या तळाशी ऑइल साठते, तिला क्रँककेस म्हणतात. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी डिझेल पेटल्यावरचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच, आणि त्याला बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. ही वाट तेलकट भुशाने, चिखलाने किंवा पडून राहिलेल्या पंपाच्या नळीत कुंभारीण माशीने केलेल्या घराने बुजली, की दाब ऑइल सील, गॅस्केट आणि डिपस्टिकच्या भोकातून वाट काढतो आणि त्याच्याबरोबर ऑइलही येते. इंजिन ‘बॅक मारते’ म्हणून सील बदलले जाते, पण दाब तसाच राहिल्याने नवे सीलही लवकरच गळू लागते. ब्रीदर न पाहता सील बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने 1946 पासून ज्या प्रकारची इंजिने खेडोपाडी पोचवली, त्या एका सिलिंडरच्या पंपाच्या इंजिनात हा प्रश्न आणखी नाजूक असतो. 80 मिमी बोअर आणि 110 मिमी स्ट्रोक असलेले इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरत असेल, तर पिस्टन सेकंदाला 25 वेळा खाली येऊन दर वेळी सुमारे 553 घन सेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबतो. म्हणून अशा ब्रीदरमध्ये हवा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी पातळ चकतीची झडप असते, जिच्यामुळे आत किंचित ओढ राहते आणि ऑइल बाहेर झिरपत नाही. साफसफाईनंतर ही चकती उलटी बसली, तर झडप हवा आत घेते पण बाहेर सोडत नाही, आणि धुतलेले इंजिन आधीपेक्षा जास्त गळते.

कापणीला पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टरमध्ये आणि मोठ्या ट्रॅक्टरमध्ये टर्बोचार्जर असल्यास दाबाची आणखी एक वाट तयार होते, कारण त्याच्या शाफ्टची सीलिंग झिजल्यावर दाबलेली हवा ऑइल परतीच्या नळीतून थेट क्रँककेसमध्ये उतरते आणि दोष मात्र रिंगांवर येतो. ताकद वाढवण्यासाठी फ्युएल पंपाचे डिझेल वाढवले, तर निसटणारा वायूही वाढतो आणि मूळ ब्रीदर नळी अपुरी पडते. तेव्हा रुंद नळी आणि ऑइल अडवणारी जाळीदार बाटली बसवावी, आणि बाटली वेळोवेळी रिकामी करावी. ब्रीदरची नळी एअर इनटेकला जोडलेली असेल, तर ही काळजी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण तिथून पुरेसे ऑइल आत गेले की डिझेल बंद करूनही इंजिन त्या ऑइलवर पळत सुटू शकते. गळती थांबवण्यासाठी ब्रीदरचे तोंड बुजवणे हा उपाय तर कधीच करू नये.

दाब मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधावी, अर्धी पाण्याने भरावी, पंख्यापासून दूर ठेवून तिचे एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवावे आणि गरम इंजिनाचा ब्रीदर उघडा असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पाहावा. 10 सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल. पाणी इंजिनात ओढले जाऊ नये म्हणून नळीच्या दोन्ही भुजा पुरेशा उंच असाव्यात. मर्यादा इंजिनागणिक वेगळी असते, म्हणून ती पुस्तिकेत पाहावी आणि दरवर्षीचा आकडा जपून ठेवावा. ब्रीदर साफ करूनही आकडा चढतच असेल, तर रिंगा, लाइनर किंवा टर्बोकडे वळावे.

रिंगा अकाली झिजण्याचे मूळ पुष्कळदा एअर क्लीनरच्या सैल क्लिपमध्ये किंवा फाटलेल्या रबरी नळीत असते, कारण तिथून मळणीची धूळ गाळली न जाताच आत शिरते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवयही महागात पडते: इंजिन थंड चालते, न जळलेले डिझेल लाइनरवरचे ऑइल धुऊन काढते आणि वाफेचे पाणी ऑइलमध्ये मिसळून फिलरच्या झाकणाखाली पिवळसर मळी धरते, तीच पुढे ब्रीदरमध्ये अडकते.

दाब मर्यादेच्या आत पण वाढता असेल, तर ब्रीदर मोकळा ठेवून आणि रोज सकाळी ऑइलची पातळी पाहून हंगाम निभावता येतो. धानाची सरकारी खरेदी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालते, आणि तिचे पैसे हाती आले की अनेकांची पावले रायपूरच्या सदर बाजारातल्या सराफांकडे वळतात. त्यातलीच काही रक्कम तेव्हा रिंगा आणि लाइनरसाठी बाजूला काढावी. नव्या रिंगा बसवल्यावर पहिले काही दिवस इंजिन ना नुसते रिकामे फिरवावे ना पूर्ण भाराखाली दामटावे, तर मध्यम आणि बदलत्या भारावर चालवावे, म्हणजे रिंगा लाइनरला नीट बसतात.