लॉगआउट झाल्यावर काम जिवंत राहतं का?

गोंदियात बसून दूरच्या सर्व्हरवर काम चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही आणि नेटचाही नाही. म्हणून तासन् तास चालणारं काम आपण ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’मध्ये सुरू करतो, लॉगआउट होतो आणि सकाळी पुन्हा जोडून बघतो. ही सवय चांगलीच आहे. पण तिच्यावर विसंबण्याआधी त्या सर्व्हरवरची एक सेटिंग बघून घ्या.

माझं काम जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी तलावांचं. लँडसॅटच्या चित्रांवरून कोणत्या वर्षी कुठल्या तलावात किती पाणी पसरलं होतं ते काढायचं. नवेगावबांधसारखा मोठा तलाव चटकन दिसतो. खरी कसोटी बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, कारण चित्राच्या एका ठिपक्यात 30 मीटर बाय 30 मीटर जमीन मावते आणि काठावरचा धान की पाणी हे ठरवायला बरीच आकडेमोड लागते. घरच्या लॅपटॉपवर ती उरकत नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेनं आपला सर्व्हर वापरायला दिला होता. तिथं नवी सिस्टीम बसवली गेली आणि तेव्हापासून रात्री लावलेलं काम सकाळी गायब होऊ लागलं. लॉगमध्ये चूक नाही, डिस्क भरलेली नाही, मेमरी संपलेली नाही. टीमक्सला विचारावं तर काहीच चालू नाही असं उत्तर. नेट टिकलं त्या दिवशी मात्र काम व्यवस्थित पुरं व्हायचं. तिथूनच धागा सापडला: सेशन संपलं की त्यातलं सगळं मारलं जात होतं.

यामागे एक गाजलेला वाद आहे. युनिक्समध्ये पूर्वीपासून अशी रीत होती की फोनची लाइन तुटली की टर्मिनलला जोडलेल्या प्रोसेसना ‘हँगअप’चा इशारा जातो, ज्यांनी तो न ऐकण्याचं ठरवलं त्या जगतात. ‘नोहप’ ही कमांड त्यासाठीच. पुढं 1987 मध्ये स्क्रीन आलं, नंतर टीमक्स. पिढ्यान् पिढ्या लोकांनी या वागणुकीवर काम उभं केलं. मे 2016 मध्ये लिनक्सवरच्या सेवा आणि सेशन सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’ची 230 क्रमांकाची आवृत्ती आली आणि तिनं ‘किल-यूजर-प्रोसेसेस’ ही सेटिंग मुळातच चालू करून टाकली. लॉगआउट होताच त्या सेशनमधली प्रत्येक प्रोसेस संपवायची. नोहप इथं कामाला येत नाही, कारण सिस्टमडी प्रोसेसना कर्नलच्या ‘सीग्रुप’वरून, म्हणजे प्रोसेसच्या गटावरून, ओळखतं. हँगअप न ऐकणाऱ्याला शेवटी असा इशारा मिळतो की जो कुणालाच नाकारता येत नाही.

बदल करणाऱ्यांची बाजूही खरी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थी उठून गेला तरी त्याचा ब्राउझर, आवाजाची सेवा, कुठला तरी अडकलेला प्रोग्राम मागे राहतो, मेमरी खातो, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं काही चालू राहणं सुरक्षेलाही बरं नाही. तिथं ही सेटिंग मला योग्यच वाटते. माझी हरकत ती सगळ्यांवर एकदम लादण्याला आहे. मुद्दाम मागे ठेवलेलं काम आणि चुकून राहिलेला कचरा यांत तिला फरक करता येत नाही. डेबियनमध्ये मोठा गदारोळ झाला आणि तिथं जुनीच वागणूक परत ठेवण्यात आली. फेडोरानंही ती बदलली नाही. मूळ सिस्टमडीत मात्र ती सेटिंग आजही चालूच आहे. म्हणून ‘लिनक्स आहे ना, मग चालेल’ असं धरून चालू नका.

नव्या सर्व्हरवर पाऊल ठेवलं की आधी एक छोटी परीक्षा घ्या. टीमक्समध्ये दर मिनिटाला एका फाइलमध्ये वेळ लिहिणारी एक ओळ चालवा, लॉगआउट व्हा, थोड्या वेळानं परत जाऊन फाइल बघा. वेळ पुढं सरकत असेल तर निर्धास्त. नसेल तर ‘लॉगिन-सीटीएल’नं आपल्या खात्याला ‘लिंगर’ चालू करा. बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापकाला न विचारता ते जमतं. पण एवढ्यानं भागत नाही आणि इथंच पुष्कळ जण फसतात. लिंगरमुळं फक्त तुमची स्वतंत्र सेवा जागी राहते. सेशनमध्ये सुरू केलेलं टीमक्स तरीही मरतं. ते ‘सिस्टमडी-रन’नं, ‘यूजर’ आणि ‘स्कोप’ हे दोन पर्याय देऊन, सेशनच्या बाहेर सुरू करावं लागतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती: ही सेटिंग चालू करायची तर करा, पण लॉगिन होताच दिसेल अशा संदेशात तसं लिहा आणि वरची पद्धतही द्या. दूर बसलेल्या माणसाला तुमच्या खोलीत येऊन विचारता येत नाही.

आणि काम कितीही सुरक्षित जागी असलं तरी प्रत्येक तलावाचा निकाल निघताक्षणी डिस्कवर लिहा, प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की झालेले तलाव वगळून पुढं जाईल असा ठेवा. सेटिंग पाहिली, टीमक्स सेशनच्या बाहेर काढलं, तरी सर्व्हरच्या खोलीतली वीज जायचीच.